मांजर्लीच्या अंगणांत कोणतें झुडूप लावावें?

दर वर्षीं जानेवारीच्या अखेरीस पुण्याच्या एम्प्रेस बागेंत पुष्पप्रदर्शन भरतें, आणि त्याच सुमारास मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेंतहि फुलझाडांचें प्रदर्शन असतें. त्या दिवसांत ऊन कोवळें असतें, हवा कोरडी व गार असते, आणि ओळीनें मांडलेल्या कुंड्या पाहून कोणाहि गृहस्थाचें मन मोहून जावें अशीच सारी शोभा असते. बदलापूर हें गांव मुंबई-पुणें लोहमार्गावरच असल्यामुळें मांजर्लीच्या हौशी कुटुंबांना हीं दोन्ही ठिकाणें सोयीचीं आहेत. परत येतांना हातांत एखादें रोप असतेंच. कोणी महाबळेश्वराची किंवा पांचगणीची सहल करून येतात आणि हायड्रेंजियासारखें थंड हवेंतलें एखादें भरगच्च फुलांचें झुडूप मोठ्या जपणुकीनें घरीं आणतात. पंधरवडाभर शेजारींपाजारीं त्याचें कौतुक होतें. पुढें एप्रिल महिना उजाडतो, पानांच्या कडा करपूं लागतात, आणि पाऊस येण्यापूर्वींच कुंडींत एक वाळकी काडी तेवढी शिल्लक राहते.

अशा वेळीं कोणी रोपें विकणाऱ्याला दोष देतो, कोणी खताला, तर कोणी आपल्या हातालाच गुण नाहीं असें म्हणून बागेचा नाद सोडून देतो. वास्तविक बहुतेक प्रसंगीं यांपैकीं कोणाचाच दोष नसतो. चूक झालेली असते ती निवडींत. रोप पाहिलें जातें तें वर्षांतील सर्वांत सुखाच्या दिवशीं. पण त्याला जगावें लागतें तें वर्षांतील सर्वांत कठीण दिवसांतून. म्हणून शोभेचें झुडूप निवडण्याचा पहिला नियम असा, कीं त्याचें फूल किती सुंदर आहे हें मागाहून पाहावें. आपल्या जागेंतील सर्वांत कठीण दिवस कोणता, व तो दिवस हें झुडूप निभावून नेईल काय, हें आधीं पाहावें.

हा नियम ज्या देशांत कडाक्याची थंडी पडते त्या देशांतील लोकांनीं फार काळजीपूर्वक पाळलेला आहे. अमेरिकेच्या कृषिखात्यानें सर्व देशाचा एक नकाशा तयार केला असून त्यांत तेरा विभाग पाडले आहेत. या विभागांचा आधार पाऊस नव्हे, उन्हाळा नव्हे, तर वर्षांतील सर्वांत थंड रात्र हा आहे. प्रत्येक ठिकाणीं दर वर्षीं पारा जास्तींत जास्त किती खालीं उतरला, याची तीस वर्षांची सरासरी काढून दर दहा फॅरनहाइट अंशांस एक याप्रमाणें हे विभाग ठरविले आहेत. या नकाशाची सुधारलेली आवृत्ति २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत १९९१ ते २०२० या वर्षांचीं मापें घेतलेलीं आहेत. तेथील रोपवाटिकांतून विकल्या जाणाऱ्या रोपांवर बहुधा विभागाचा आंकडा छापलेला असतो. गिऱ्हाईक आधीं आपला आंकडा पाहतें, मग फूल पाहतें.

त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाहि ही विद्या नव्यानें शिकावी लागते. शिकागो किंवा टोरांटो येथील घरापुढें झुडूप लावावयाचें तर मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाचा मोह प्रथम पडतो. परंतु या जातीच्या कळ्या आदल्या वर्षींच्या फांद्यांवर हिंवाळ्यापूर्वींच तयार होऊन बसतात. हिंवाळा फार कडक झाला म्हणजे मुळें जगतात, वसंतांत पानेंहि फुटतात, पण कळ्या थंडीनें मेलेल्या असल्यामुळें त्या वर्षीं फूल येत नाहीं. त्याच कुळांतील, तुऱ्यासारखे उंच गुच्छ धरणारी दुसरी एक जात आहे. तिची फुलें त्याच वर्षींच्या नव्या फांद्यांवर येतात. त्यामुळें हिंवाळ्यानें जुन्या फांद्या मारल्या तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं. दोन्हीं झुडपांचें नांव हायड्रेंजियाच. दिसण्यांतहि फार अंतर नाहीं. पण एक त्या जागेचें आहे, दुसरें नाहीं. निवड म्हणजे काय हें समजण्यास याहून सोपें उदाहरण मिळणार नाहीं.

लिलॅक नांवाचें जांभळ्या सुवासिक फुलांचें झुडूप तर याहूनहि चमत्कारिक आहे. तें उणें चाळीसच्या आसपासची थंडी सोसतें, इतकेंच नव्हे, तर थंडी मिळाल्याविना तें फुलतच नाहीं. थंड देशांतील अनेक झाडांच्या कळ्या शरद ऋतूंत झोपीं जातात. हिंवाळ्यांत एकदोन दिवस ऊबदार आले म्हणून त्या जाग्या झाल्या, तर पुढच्या हिमानें मरून जातील. म्हणून निसर्गानें अशी योजना केली आहे, कीं ठराविक काळपर्यंत गारठा सोसून झाल्याखेरीज त्या कळ्यांची झोंप उघडतच नाहीं. आपल्याकडे आणलेल्या लिलॅकला असा गारठा कधींच मिळत नाहीं. तें कुंडींत जागें राहतें, पण फुलण्याची आज्ञा त्याला मिळत नाहीं. त्यावर खताचा कितीहि मारा केला तरी तो व्यर्थ होय.

आतां आपल्या प्रांताकडे वळावें. महाबळेश्वर व पांचगणी येथें हिम पडत नाहीं. तेथील थंडी ही उंचीची देणगी आहे. साधारणतः दर हजार मीटर उंचीस हवेचें मान सहा ते साडेसहा अंश सेल्सियसनें उतरतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट, म्हणजे जवळजवळ साडेतेराशें मीटर उंच आहे. त्यामुळें तेथील हवा कोंकणपट्टीच्या हवेपेक्षां आठनऊ अंशांनीं गार असते. इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. बदलापुराहून पुण्याच्या दिशेनें निघालें म्हणजे वांगणी व शेलू हीं स्थानकें मागें टाकून नेरळ येतें. तेथून १९०७ सालीं सुरू झालेली छोटी आगगाडी माथेरानचा घाट चढते. माथेरान सुमारें आठशें मीटर उंच. म्हणजे अंतर थोडेंच, पण हवेंत पांच अंशांचा फरक पडला. माणसाला हा फरक अंगरख्यानें भरून काढतां येतो. झुडपाला तें साधत नाहीं.

मांजर्लीचा कठीण दिवस थंडीचा नव्हे. हिंवाळ्यांतील कांहीं पहाटे येथें मुंबईहून बऱ्याच गार असतात हें खरें, पण त्या गारठ्यानें कोणतेंहि देशी झुडूप मरत नाहीं. येथें कसोटीचे दिवस दोन. पहिला एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचा. समुद्र दूर व सभोंवार डोंगर, यामुळें खाऱ्या वाऱ्याचा दिलासा येथें उशिरां व थोडा पोंचतो, आणि पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुसरा जुलै महिन्यांतील मुसळधार पावसाचा. वर्षाचें बहुतेक सर्व पाणी चार महिन्यांत कोसळतें, आणि उल्हास नदी फुगली म्हणजे सखल भागांत पाणी शिरतें. २६ जुलै २००५ चा पूर येथील जुन्या रहिवाशांच्या स्मरणांत आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून एक हजारांहून अधिक प्रवाशांना सोडवून आणावें लागलें, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां येथील झुडपाला एकाच वर्षांत वाळवंटाची व दलदलीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. महाबळेश्वरीं पाऊस याहूनहि अधिक पडतो, पण तेथें उतार आहे आणि मे महिना सौम्य आहे. म्हणून तेथील पाठ येथें गिरवून चालत नाहीं.

हायड्रेंजिया येथें कां टिकत नाहीं, हें थोडें समजून घेतलें म्हणजे पुढील निवड सोपी होते. झाडाच्या पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. पान जितकें मोठें व पातळ, तितकी वाफ अधिक. मे महिन्याच्या दुपारीं पानांतून जितकें पाणी जातें तितकें मुळांना भरून देतां येत नाहीं, आणि माती ओली असूनहि पानें माना टाकतात. त्यांत रात्रींची उष्णता भर घालते. दिवसा प्रकाशांत पान अन्न तयार करतें. रात्रीं श्वसनांत तें अन्न खर्च होतें, आणि हवेचें मान दहा अंशांनीं चढलें कीं हा खर्च सुमारें दुप्पट होतो. थंड रात्रींची संवय असलेलें झुडूप येथें रोज मिळकतीपेक्षां अधिक खर्च करूं लागतें, आणि अशा संसाराचें जें व्हावयाचें तेंच त्याचें होतें. गृहिणी पानें सुकलेलीं पाहून आणखी पाणी ओततात. त्यामुळें मातींतील हवेच्या पोकळ्या बुजतात, मुळें गुदमरतात, कुजतात, आणि शेवट लौकर येतो. हायड्रेंजियाची एक मौज मात्र सांगण्यासारखी आहे. आम्ल मातींत त्याचीं फुलें निळीं येतात व चुनखडीच्या मातींत गुलाबी. कारण आम्ल मातींत ॲल्युमिनियम विरघळून झाडाला मिळतें. माती झाडाच्या रंगावर देखील अधिकार चालविते, हें यावरून ध्यानांत यावें.

मातीचा हा अधिकार मांजर्लींतहि चालतो. येथील मूळची जमीन काळ्या पाषाणाच्या मुरमाची. नदीच्या बाजूस गाळाची व चिकण. परंतु आज येथें बहुतेक ठिकाणीं गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या आहेत, आणि इमारतीच्या भिंतीलगत बागेसाठीं जी चारपांच फुटांची पट्टी सोडलेली असते तींत मातीपेक्षां बांधकामाचा राडारोडाच अधिक असतो. त्यांतील चुना व सिमेंट यांमुळें माती आम्लतेच्या उलट बाजूस झुकते. अशा मातींत लोह असलें तरी मुळांना तें शोषून घेतां येत नाहीं. मग पानें पिंवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळांना तें खताच्या अभावाचें लक्षण वाटतें व ते आणखी खत घालतात. खरा उपाय म्हणजे लावण्यापूर्वींच दोन फूट खोल व तितकाच रुंद खड्डा घेऊन राडारोडा काढून टाकणें, आणि चांगली माती व कुजलेला पालापाचोळा भरणें. तें होणार नसेल, तर लोहाविषयीं हट्टी नसलेलें झुडूप निवडावें.

जमिनींतून पाणी किती वेगानें जिरतें, हें पाहण्याची रीतहि सोपी आहे. जागेवर एक फूट खोल खड्डा करावा, तो पाण्यानें भरावा, तें जिरूं द्यावें, आणि पुन्हां भरावा. दुसऱ्या वेळचें पाणी तीनचार तासांत उतरलें तर बहुतेक झुडपें तेथें चालतील. सकाळचें पाणी दुसऱ्या दिवशींहि उभें असेल, तर तेथें जमिनीबरोबर कांहीं लावूं नये. वीतभर उंच वाफा बांधून त्यावर लावावें. त्याच दिवशीं जागेवर ऊन किती तास येतें हेंहि पाहून ठेवावें. भिंतीच्या पश्चिमेस दुपारचें ऊन व तापलेल्या भिंतीची आंच असे दोन शत्रु असतात. पूर्वेस सकाळचें कोवळें ऊन मिळतें. एकाच इमारतीच्या दोन बाजूंस दोन निराळे हवामान नांदतात, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

एवढी पाहणी झाल्यावर प्रत्यक्ष निवडीचा प्रश्न येतो. पांढऱ्या फुलांसाठीं अनंत कीं तगर, असा प्रश्न पुष्कळ घरीं पडतो. अनंताचा सुवास फार मोलाचा. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या आरंभीं त्याचीं फुलें उमलतात, पांढऱ्याचीं पिंवळट होतात व एका फुलानें खोली भरून जाते. पण तो मूळचा चीनकडील, त्याला आम्ल, भुसभुशीत माती लागते, आणि राडारोड्यांत त्याचीं पानें सर्वांआधीं पिंवळीं पडतात. तगर या देशींची. तिला अर्धी सावली चालते, माती साधी चालते, पानें बाराहि महिने हिरवीं राहतात, आणि फुलें वर्षांतून बहुतेक काळ येतात. तेव्हां जेथें खड्डा नीट भरतां येईल, पूर्वेचें ऊन असेल व घरांत कोणी रोज लक्ष देणारें असेल, तेथें अनंत लावावा. इतर सर्व ठिकाणीं तगर. सुवास हवाच असेल तर मोगरा उन्हांत लावावा. जानेवारींत त्याची छाटणी करून पाणी कांहीं दिवस तोडलें म्हणजे नव्या फांद्यांवर चैत्र-वैशाखांत तो भरून फुलतो. येथील उन्हाळा त्याला शत्रु न वाटतां मित्र वाटतो.

रंगासाठीं कण्हेर कीं बोगनवेल, हा दुसरा प्रश्न. दोघांनाहि ऊन हवें, पाणी थोडें चालतें, आणि मे महिन्याचें भय नाहीं. कण्हेरीची चिवटाई तर हमरस्त्यांच्या मधल्या दुभाजकांवर सर्वांना दिसतेच. उत्तर युरोपांत हीच कण्हेर मोठ्या लाकडी पिंपांत लावतात आणि हिंवाळा आला कीं तिला उचलून बंद घरांत नेऊन ठेवतात. आपल्या रस्त्यावरची ही रांगडी बाई तेथें नाजूक पाहुणी होते. मात्र निवडतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. कण्हेरीचें पान, फूल, फांदी, मूळ असें प्रत्येक अंग विषारी आहे. पिंवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर फारच घातक आहेत. हें विष हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतें. ज्या अंगणांत लहान मुलें खेळतात तेथें फळ हातीं येण्यास व तोंडांत जाण्यास क्षणहि लागत नाहीं. देवपूजेला फूल मिळतें एवढ्या कारणासाठीं खेळण्याच्या जागेजवळ हें झुडूप लावणें योग्य नव्हे. पूर्वींचें असेल तर मुलांना त्याची ओळख करून द्यावी, छाटलेल्या फांद्या जनावरांपुढें टाकूं नयेत व त्यांचा जाळहि करूं नये, आणि कोणाच्या पोटांत कांहीं गेल्याचा संशय आला तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

बोगनवेलीला कांटे आहेत, पण कण्हेरीसारखें विष नाहीं. ती मूळची दक्षिण अमेरिकेंतील. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीची जी पृथ्वीप्रदक्षिणा १७६६ ते १७६९ या काळांत झाली, तिच्या ओघांत कोमर्साँ या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती रिओ द जानेरोजवळ आढळली, आणि नायकाचें नांव तिला मिळालें. तिचे जे किरमिजी व नारिंगी कागदी पडदे लोक पाकळ्या समजतात तीं वस्तुतः रंगीत पानें होत; खरें फूल त्यांच्या मधोमध असलेली बारीक पांढरी नळी. पाणी कमी झालें म्हणजे ती अधिक फुलते, आणि फार पाणी व खत दिलें तर नुसतीं पानें वाढवीत बसते. उन्हाळ्यांत ज्या इमारतींत पिण्याचेंच पाणी जपून वापरावें लागतें, तेथें हा गुण फार मोठा आहे. पावसाळ्यांत मात्र तिचें मूळ पाण्यांत उभें राहूं देऊं नये. उंच वाफा किंवा मोठी कुंडी तिला मानवते. वर्षांतून एकदां कठोर छाटणी केली नाहीं तर ती खिडक्या व तारा यांचा कबजा घेते.

जास्वंदीविषयीं फारसें सांगण्याचें कारण नाहीं. गणपतीच्या पूजेमुळें ती प्रत्येक घराला परिचित आहे. फूल एकच दिवस टिकतें, पण रोज नवें येतें, व फुलें नव्या फांदीवर येत असल्यामुळें छाटणीनें बहर वाढतो. तिचा वैरी एक, तो म्हणजे पांढरा पिठ्या ढेकूण. तो दिसतांच पाण्याच्या जोरदार धारेनें धुवून काढावा, लागलेले शेंडे कापून टाकावे, आणि कडुनिंबाचें तेल साबणाच्या पाण्यांत फेंटून फवारावें. बाजारांत मोठ्या फुलांच्या नव्या संकरित जाती मिळतात, पण तांबडी साधी जास्वंद जितकी टिकाऊ तितक्या त्या बहुधा नसतात. एक्झोरा दिसण्यास सुंदर व मूळचा दक्षिण हिंदुस्थानांतीलच आहे. फक्त अनंताप्रमाणें त्यालाहि चुन्याचा राडारोडा सोसत नाहीं.

कुंपणासाठीं कोयनेल उत्तम. ती कात्रीला जुमानते, ओल सोसते व दाट होते. मेंदीलाहि उन्हाचें भय नाहीं, पण तिला ओली जागा देऊं नये. सोनेरी पानांचा डुरांटा अलीकडे सर्वत्र दिसतो. त्याचीं पिंवळीं फळें विषारी असतात, म्हणून मुलांच्या वाटेवर तो फळापर्यंत वाढूं देऊं नये. आणि घाणेरीला, म्हणजेच टणटणीला, रंगीत फुलांच्या लोभानें कधींहि थारा देऊं नये. ही अमेरिकेंतील वनस्पति एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेसाठींच आणली गेली होती. पाखरांनीं तिच्या बिया नेल्या आणि आज देशांतील रानेंच्या रानें तिनें व्यापलीं आहेत. तिच्याखालीं गवत वाढत नाहीं व गुरांनाहि ती बाधते. एका बागेंतील निवड कोठपर्यंत पोंचूं शकते याचें याहून मोठें उदाहरण आपल्या देशांत क्वचितच सांपडेल.

नवल असें, कीं जीं झुडपें या हवेसाठींच घडलेलीं आहेत तीं बागेंत क्वचितच दिसतात. धायटी सह्याद्रीच्या उतारावर उन्हाळ्याच्या तोंडीं लाल फुलांनीं भरून जाते, तिच्यावर शिंजीर पक्षी येतात, आणि आयुर्वेदाच्या आसवारिष्टांत तिचीं फुलें पडतात. तिला मुरूम हीच गादी. भूतकेस पावसांत फुलतो, व त्याच्या नारिंगी फुलाजवळचें एक पांढरें शुभ्र पान दुरून रुमालासारखें दिसतें. पिंवळी कोरांटी थंडींत फुलते आणि कांट्यांमुळें शेळीपासून आपलें रक्षण आपणच करते. नदीच्या बाजूच्या सखल जागेस निर्गुडीसारखें दुसरें झुडूप नाहीं. ओढ्याकांठीं वाढण्याचीच तिला संवय आहे; पूर येऊन गेला तरी ती पुन्हां फुटते, आणि तिचे निळसर जांभळे तुरे कोणत्याहि विलायती झुडपाच्या शेजारीं शोभतील. पुरानंतर कोणत्याहि झुडपाच्या बुंध्याभोंवतीं सांचलेला गाळ लगेच काढावा, पानें धुवावीं, आणि नवी पालवी येईपर्यंत खत देऊं नये.

झुडूप निवडतांना त्याचें आजचें नव्हे, तर पांच वर्षांनंतरचें माप ध्यानांत घ्यावें. पिशवींतील फूटभर तगर पुढें सहा फूट होते. भिंतीपासून तीन फूट व एकमेकांपासून चारपांच फूट अंतर ठेवलें, तर पहिलीं दोन वर्षें जागा ओकी दिसेल. तेथें तोपर्यंत झेंडू किंवा गुलबक्षी लावावी. दाटी करून लावलेलीं झुडपें तिसऱ्या वर्षीं एकमेकांचा प्रकाश हिरावून घेतात, आणि मग त्यांपैकीं निम्मीं तोडावीं लागतात. लावणीस जूनचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरचे दिवस चांगले. जेथें पाणी सांचतें तेथें सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत थांबावें. एप्रिलांत लावणें म्हणजे रोपाला परीक्षेच्या दिवशींच शाळेंत घालणें होय.

ज्या संस्थेजवळ एकच पट्टी आहे तिनें एकाच जातीचीं पंधरा झुडपें लावण्यापेक्षां सहा ऋतूंस पुरतील अशीं पांचसहा निवडावीं. वसंतास मोगरा व धायटी, ग्रीष्मास बोगनवेल, वर्षा ऋतूस तगर व भूतकेस, शरदास पारिजातक, हेमंत व शिशिरास कोरांटी आणि कुंद. जास्वंद बारमाही आहेच. अशा बागेंत एखाद्या वर्षीं एक झुडूप रोगानें गेलें तरी सारी शोभा जात नाहीं, आणि फुलपाखरें व पक्षी यांनाहि वर्षभर कांहींना कांहीं मिळतें.

थंड हवेच्या फुलांची आवडच असेल तर ती पुरविण्याचा मार्गहि आहे. शेवंती, पिटुनिया यांसारखीं हंगामी फुलें कुंडींत लावून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यांचा आनंद घ्यावा, आणि ऋतु संपला म्हणजे त्यांना निरोप द्यावा. पाहुण्याला पाहुण्यासारखें वागवावें. घरचा कारभार मात्र घरच्यांकडे असावा. जी जमीन झुडपांसाठीं राखावयाची तिच्यावर मे महिना आणि जुलै महिना दोन्ही सोसणाऱ्यांचाच हक्क आहे. रोप विकत घेण्यापूर्वीं गृहस्थानें किंवा गृहिणीनें एवढेंच विचारावें: ऊन किती, पाणी कोठें सांचतें, वैशाखांत पाणी कोण घालील, जवळून कोणाचीं मुलें जातात, आणि पांच वर्षांनीं हें केवढें होईल? या पांच प्रश्नांचीं उत्तरें घेऊन जो रोपवाटिकेंत जाईल त्याच्या अंगणांत झुडूप टिकेल, आणि जें टिकतें तेंच पुढें फुलतें.